दोन रांगा जिथे एक होतात

परदेशात शिकत असताना एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका थीम पार्कमध्ये काम केलं. माझी जागा रोलर कोस्टरच्या फलाटाच्या अलीकडे, शेवटच्या वळणावर होती. तिथे दोन रांगा येऊन मिळायच्या. डावीकडून साधी रांग, लोखंडी कठड्यांमधून नागमोडी वळणं घेत आलेली, घामाघूम झालेली, पाठीवरच्या पिशव्या कधीच्या पोटाशी घेतलेली. उजवीकडून जलद रांग. तिला रांग म्हणावं असं काही नसायचंच. वेळ छापलेली चिठ्ठी हातात घेऊन लोक चालत यायचे आणि चालतच पुढे जायचे. मधे मी, कमरेच्या उंचीच्या खांबाला अडकवलेल्या दोरापाशी. डाव्या हातात माणसं मोजायचं क्लिकर आणि उजव्या हाताचा तळवा पुढे, थांबा म्हणून. तिथले लोक या जागेला नुसतं ‘मर्ज’ म्हणायचे. आज मर्जला कोण आहे, एवढंच.

पहिल्या दिवशी मला काम शिकवायला आलेली बाई तिथे बरीच वर्षं होती. तिने दोनच गोष्टी सांगितल्या. उजवीकडचे सोळा गेले की डावीकडचे चार सोडायचे, ही पहिली. आणि दुसरी म्हणजे, “चेहऱ्याकडे बघायचं नाही. ‘किती जण?’ असं विचारायचं आणि बोटांकडे बघायचं.” गोंगाटात आवाज पोचत नाही, म्हणून लोक बोटांनीच उत्तर देतात. दोन बोटं, चार बोटं, कधी सगळा पंजा आणि वर एक. मला वाटलं, ही कामाच्या सोयीची गोष्ट आहे. आठवडाभरात कळलं की ती माझ्यासाठी सांगितलेली होती.

कारण चेहरे बघितले की काम होत नसे. साध्या रांगेतल्या माणसाला तासभर एवढंच दिसत असतं की रांग सरकत नाहीये. पुढे काहीतरी बिघडलं असेल, गाडी बंद पडली असेल, असं तो बायकोला सांगत असतो, मुलांना धीर देत असतो. मग शेवटचं वळण येतं, आणि त्याला मी दिसते. माझा पुढे केलेला तळवा दिसतो आणि उजवीकडून हसत, गप्पा मारत चाललेली माणसं दिसतात. काही बिघडलेलं नव्हतं हे त्याला त्या क्षणी कळतं. एकदा एक गृहस्थ ओठ हलवत मोजायला लागले. सोळापर्यंत मोजलं, मग आपल्या बाजूचे चार गेलेले पाहिले, पुन्हा सोळा मोजले. मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या वेळी आमच्याकडची ती चिठ्ठी फुकट होती, हे मुद्दाम सांगायला हवं. आज या विषयावर बोलणं निघालं की लोक म्हणतात, पूर्वी सगळं फुकट होतं तेव्हा सगळं न्यायाचं होतं, पैसा आला आणि बिघडलं. मी फुकटच्या काळात त्या दोरापाशी उभी होते. मला ते तितकं सोपं वाटत नाही.

डिस्नेने १९९९ मध्ये फ्लोरिडातल्या आपल्या पार्कमध्ये ‘फास्टपास’ सुरू केला. राइडपाशी यंत्र असायचं. आपलं प्रवेशाचं तिकीट त्यात सरकवलं की एक चिठ्ठी बाहेर यायची. तासाभराची वेळ त्यावर छापलेली असायची. त्या वेळेत परत या आणि दुसऱ्या दाराने आत जा. पैसे नाहीत, फक्त एकावेळी हव्या तितक्या चिठ्ठ्या घेता यायच्या नाहीत. कुटुंबातलं एक माणूस, बहुतेक वेळा बाप, सगळ्यांची तिकिटं मुठीत धरून पार्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटायचं, आणि बाकीचे आइसक्रीम खात सावलीत बसायचे. कल्पना मोठी सुंदर होती. माणसाने रांगेत उभं राहण्याऐवजी त्याच्या नावाची चिठ्ठी उभी राहील आणि माणूस मोकळा फिरेल. पार्कचाही त्यात फायदा होता, कारण मोकळा माणूस दुकानात जातो, खायला बसतो.

पण राइडला एका तासात जितकी माणसं बसतात तितकीच बसतात. हे मी क्लिकरवर रोज मोजत होते. समजा, तासाला बाराशे माणसं, म्हणजे मिनिटाला वीस. साध्या रांगेत चारशे जण उभे आहेत. दुसरी रांगच नसेल तर शेवटच्या माणसाचा नंबर वीस मिनिटांत लागेल. आता त्या विसातल्या सोळा जागा जलद रांगेला दिल्या. साध्या रांगेला मिनिटाला चार उरल्या. तीच चारशे माणसं, आणि शेवटच्या माणसाला शंभर मिनिटं. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी गणिताने सिद्ध केलेला एक नियम आहे. रांगेतली सरासरी माणसं म्हणजे माणसं येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. रांग बँकेतली असो नाहीतर रोलर कोस्टरची, यातून कोणाची सुटका नाही. हे खरं, की जलद रांग नसती तर ते सोळा जणही त्याच कठड्यांमध्ये उभे राहिले असते आणि रांग लांबलचक दिसली असती. म्हणजे एकंदर थांबण्याचं ओझं तेवढंच. फक्त ते एकाच्या खांद्यावरून उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर दिलं. एकाची वाचलेली चाळीस मिनिटं हवेतून येत नाहीत.

आणि मोकळा सुटलेला माणूस दुकानातच जातो असं कुठे आहे? तो दुसऱ्या राइडच्या साध्या रांगेत उभा राहतो! चिठ्ठी इथे उभी, देह तिथे उभा. एक माणूस एकाच वेळी दोन रांगांमध्ये. पार्कमधल्या खुर्च्या तेवढ्याच, पण रांगांमधली माणसं वाढली. ज्या छोट्या राइडवर पूर्वी चालत जाऊन बसता यायचं तिथेही मग थांबावं लागायला लागलं.

पुढे चिठ्ठीची जागा मनगटी पट्ट्याने आणि मोबाईलने घेतली. फ्लोरिडात २०१३-१४ च्या सुमारास ‘फास्टपास प्लस’ आला. तोही फुकटच. पण डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्याला ६० दिवस आधी राइडची वेळ राखून ठेवता यायची आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी. जो माणूस सकाळी उठून, मुलांना गाडीत घालून, तिकीट काढून आत आला, त्याला सगळ्यात गाजलेल्या राइडची वेळ मिळायची शक्यता जवळजवळ नव्हतीच. ती दोन महिन्यांपूर्वी संपलेली असायची, आणि ते कोणी त्याला दारात सांगत नसे. नंतर काही नव्या राइडसाठी साधी रांग बंद ठेवून मोबाईलवरची रांग आली. सकाळी ७ च्या ठोक्याला बोट दाबायचं, आणि काही सेकंदांत दिवस ठरायचा. याला पैसे पडत नव्हते. पण चांगला फोन लागायचा, सवय लागायची, आणि ‘आधी माहीत असणं’ लागायचं. माझ्या साध्या रांगेत जे उभे असायचे त्यांत म्हातारे पुष्कळ असायचे, भाषा न येणारे पुष्कळ असायचे. एक आजी मला हातातला नकाशा दाखवून विचारल्यासारख्या नजरेने उजवीकडे बोट करत होत्या, तिकडून का नाही. त्यांना ते यंत्र कुठे आहे हे मी सांगेपर्यंत त्या दिवसाच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या.

म्हणून फुकटच्या काळाला मी सोन्याचा काळ म्हणत नाही. तरीही, पैसे आल्यावर जे बदललं ते मला जास्त खुपतं. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा आत शिरायचे पैसे वेगळे होते आणि प्रत्येक राइडचे वेगळे. त्याच वर्षी तिकिटांची पुस्तकं निघाली, अक्षरांप्रमाणे राइडचे दर्जे. १९५९ मध्ये त्यात सगळ्यात भारी राइडसाठी ‘ई’ तिकीट आलं. १९८२ मध्ये ही पुस्तकं बंद झाली. दारात एकदाच पैसे भरा आणि आत हवं तितकं फिरा. तेव्हापासून आत एकच नाणं चालायला लागलं, ते म्हणजे वेळ. ज्याला ती राइड जास्त हवी तो जास्त वेळ उभा राहील. दाराबाहेर कोण किती कमावतो हे आत विचारलं जात नव्हतं. दाराशीच अनेकांना परत फिरावं लागायचं हे मला दिसतं. पण एकदा आत आलेल्या माणसाचा तास हा दुसऱ्याच्या तासाएवढाच होता. माझ्या मते थीम पार्कमधली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती, कुठल्याही कोस्टरपेक्षा मोठी.

विकत घेण्याची रांग आली ती वेगवेगळ्या वाटांनी. २००१ मध्ये अमेरिकेतल्या सिक्स फ्लॅग्जच्या एका पार्कमध्ये लो-क्यू या इंग्लंडमधल्या कंपनीचं एक छोटं उपकरण आलं, क्यू-बॉट नावाचं. ते भाड्याने घ्यायचं आणि त्यावर राइडचा नंबर लावायचा. त्यातूनच तिथला ‘फ्लॅश पास’ वाढला, आणि त्यात दर्जे आले. सगळ्यात स्वस्त पास घेतला तर साध्या रांगेला जेवढा वेळ लागतो तेवढाच तुम्हालाही लागायचा, फक्त तो तुम्ही बाकावर बसून काढायचा. त्यावरचा पास घेतला की वेळ निम्म्यापर्यंत कमी. सगळ्यात महागात दहातली नऊ मिनिटं वाचतील असं सांगितलं जायचं.

मला या स्वस्त पासाबद्दल आदर वाटतो. त्यात विकली जाते ती बसायची सोय. माझा नंबर जिथे आहे तिथेच राहतो. मी पैसे दिले म्हणून माझ्यामागचा माणूस आणखी मागे जात नाही. उरलेल्या दोन पासांत मात्र विकलं जातं ते त्या माणसाचं पुढे असणं. तिन्ही पास एकाच काउंटरवर, एकाच कागदावर छापलेले, एकाखाली एक.

विमानाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे नाही का बिझनेस क्लास? आहे. पण तिथे जास्त पैसे देणाऱ्याला रुंद खुर्ची मिळते आणि विमान उतरतं सगळ्यांना घेऊन एकाच वेळी. त्याने जास्त पैसे भरले म्हणून मी दोन तास उशिरा पोचत नाही. मर्जवर तसं नसतं.

डिस्नेचा फुकटचा पास करोनाच्या बंदीनंतर परत आलाच नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडात ‘जीनी प्लस’ आला, माणशी दिवसाला १५ डॉलरपासून, आणि सगळ्यात गाजलेल्या राइडचे पैसे त्यावर वेगळे. पॅरिसमध्येही त्याच वर्षी फुकटच्या पासाची जागा विकतच्या पासाने घेतली. २०२४ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडात ‘लाइटनिंग लेन प्रीमियर पास’ आला. वेळ राखायची गरज नाही, कधीही या आणि जलद रांगेने प्रत्येक राइडवर एकदा बसा. सुरुवातीला किंमत होती पार्क आणि तारखेप्रमाणे माणशी दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर, प्रवेशाचं तिकीट सोडून. १९५९ चं ‘ई’ तिकीट एका अर्थाने परत आलं. फरक इतकाच, की ‘ई’ तिकिटाची किंमत राइडची होती.

टोकियोने जरा वेगळी वाट धरली. तिथे २०२२ च्या मे महिन्यात विकतचा ‘प्रीमियर ॲक्सेस’ आला, आणि २०२३ च्या जुलैमध्ये चाळिसाव्या वर्षानिमित्त एक फुकटचा पासही आला. दोन्ही शेजारीशेजारी, वेगवेगळ्या राइडना. मला हे बरं वाटतं. निदान पैसे नसलेल्या माणसालाही दिवसातून एखाद्या ठिकाणी उजवीकडून चालत जाता येतं, आणि आपल्यासाठी काहीतरी राखून ठेवलंय असं वाटतं.

माझी खरी तक्रार पासाच्या किमतीबद्दल नाही. फुकटच्या काळात साधी रांग लांबली की पार्कचं नुकसान होतं. लोक वैतागून निघून जायचे, खर्च करायचे नाहीत. ऊन तापलं आणि रांग फुगली की आमचा सुपरवायझर धावत यायचा आणि म्हणायचा, “डावीकडचे दहा सोड, दहा!” तेव्हा माझा हात हलका व्हायचा. पास विकला जायला लागला की हे गणित उलटं होतं. साधी रांग वीस मिनिटांची असेल तर पास कोण घेईल? शंभर मिनिटांची पाटी बघूनच माणूस पाकिटाला हात घालतो. कोणी मुद्दाम रांगा लांबवतं असं मी म्हणत नाही, तसं मी पाहिलेलं नाही. पण जी गोष्ट लांब राहिल्याने पैसे मिळतात ती आखूड करायला कोणाला घाई असेल? नवी राइड बांधायला कोट्यवधी लागतात. पास विकायला एक दोर आणि एक मुलगी पुरते.

आणि ती मुलगी तिथे उभी असते. कुणाच्याही चर्चेत ती येत नाही.

रांगेचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले एमआयटीचे रिचर्ड लार्सन यांनी फार पूर्वी दाखवून दिलं होतं, की माणसाला थांबण्याचा त्रास मिनिटांच्या हिशोबाने होत नाही. मागून आलेला पुढे गेला की तो होतो. तीच वीस मिनिटं एका सरळ रांगेत निमूट जातात आणि शेजारून कोणी पुढे जाताना दिसलं की अंगाला लागतात. म्हणूनच बँकांमध्ये सगळ्या खिडक्यांसाठी एकच वळणावळणाची रांग असते. पार्कवाल्यांनाही हे माहीत असतं. जलद रांग भिंतीआडून नेतात, झुडपांमागून नेतात. शेवटी मात्र राइडचा फलाट एकच असल्यामुळे ती कुठेतरी उघडी पडतेच, आणि जिथे उघडी पडते तिथे मर्ज.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. उजवीकडून येणाऱ्यांत काही जण असे असतात ज्यांना रांगेत उभं राहणंच शक्य नसतं. कुणाचं शरीर साथ देत नाही, कुणाचं मूल गर्दीत कोसळतं. कानांवर मोठे हेडफोन लावलेला एक मुलगा आईचा दंड दोन्ही हातांनी धरून यायचा. त्या उन्हाळ्यात तीनदा आला. डावीकडचे लोक त्या आईकडे ज्या नजरेने बघायचे ती मी विसरलेले नाही. त्यांना वाटायचं हीसुद्धा चिठ्ठीवाली. डिस्नेने २०१३ मध्ये आपली अपंगांसाठीची जुनी कार्डं बंद करून परत यायची वेळ देण्याची पद्धत आणली, कारण धडधाकट लोक ती कार्डं वापरायला लागले होते. २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाले आणि गरज असलेल्यांनाही नकार येऊ लागले, म्हणून पुष्कळ पालक दुखावले. पुढे जाण्याला बाजारात किंमत आली, की ज्याला ते खरंच हवं असतं त्याच्यावरही संशय येतो. जलद रांग फक्त त्या मुलासाठी असती, तर मी तळवा पुढे करून दिवसभर आनंदाने उभी राहिले असते.

परवा, म्हणजे इतक्या वर्षांनी, नवरा आणि नऊ वर्षांच्या मुलाबरोबर मी पुन्हा एका थीम पार्कला गेले. दोन दिवस होते. पहिल्या दिवशी आम्ही पास विकत घेतला. मीच घेतला. मुलाला सगळं दाखवायचं होतं आणि पुन्हा कधी येणं होईल माहीत नव्हतं. असं वाटणाऱ्या कुणालाही मी नावं ठेवणार नाही. उजवीकडून चालत गेलो. कठड्यांच्या पलीकडे माणसं होती, आणि मी चालताना समोरच्या भिंतीवरच्या चित्रांकडे बघत राहिले. मुलाने विचारलं, “आई, ते लोक का थांबलेत?” मी म्हटलं, आपण पुढे गेलो की ते येतील. त्याला ते पटलं. दिवसभरात अकरा राइड झाल्या, आणि रात्री त्याला त्यातल्या चारच आठवत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज एकच मोठी राइड, साध्या रांगेने. पाटीवर ७० मिनिटं होती. पहिली वीस मिनिटं मुलाने कुरकुर केली. मग पुढच्या कुटुंबातल्या एका मुलाशी त्याचा काहीतरी खेळ सुरू झाला. कठड्याच्या दांड्यांवर बोटं पळवायचा, नियम दोघांनाच ठाऊक. त्या मुलाची भाषा ह्याला येत नव्हती. रांग सरकली की दोघंही तोच खेळ पुढच्या दांडीपासून सुरू करायचे. नवरा कठड्याला टेकून डोळे मिटून उभा होता. मी मात्र वळणं मोजत होते, कारण शेवटचं कुठे येतं हे मला पाठ होतं.

ते आलं. दोरापाशी एक मुलगा होता, विशीतला, मानेवर उन्हाने सालपट निघालेला. तळवा पुढे. उजवीकडून माणसं जात होती आणि त्याचा अंगठा क्लिकरवर चालत होता. मीही मनात मोजायला लागले. अठरा, एकोणीस, वीस. पुन्हा वीस. मधे आमच्यातले तीन. माझ्या मुलाचा मित्र आणि त्याचे आईवडील त्यात गेले. त्याने वळून हात हलवला, ह्याने हलवला. मग पुन्हा उजवीकडचे.

मला त्या मुलाशी काहीतरी बोलायचं होतं. मी तुझ्या जागी उभी होते, एवढंच. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, म्हणजे तो वर बघेल. त्याने वर बघितलं नाही. “किती जण?” त्याने विचारलं, नजर आमच्या हातांच्या उंचीवर ठेवून.

मी तीन बोटं वर केली. त्याने बोटं बघितली, तीनदा अंगठा दाबला आणि दोर सोडला.